कचऱ्याची गाडी आली नाही तो मंगळवार

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आमचं घर उतारावर आहे. रस्ता थेट खाली एका ओढ्यापाशी जातो. एरवी त्यात घोटाभर पाणी असतं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मात्र दोन दिवस वारा-पाऊस थांबेना. मंगळवारी कचऱ्याची गाडी आलीच नाही. कौन्सिलचा मेसेज आला: रस्त्यांवर झाडं पडलीत, बाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या बिन आत घेऊन ठेवा.

माझे वडील तेव्हा पुण्याहून आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. वय चौऱ्याहत्तर. नवरा सिडनीत अडकलेला, ट्रेन बंद होत्या.

"मीटिंग संपली की मी बिन आणते," मी म्हणाले. "तुम्ही बाहेर जाऊ नका."

"अगं, दोन तर आहेत. मी आणतो की."

"बाबा, प्लीज! तुमच्यामागे कुठे धावत बसू मी?"

मी चिडूनच बोलले. मी खोलीत जाऊन मीटिंगला बसले.

पाऊण तासाने खोलीबाहेर आले, तर पुढचं दार वाऱ्याने आपटत होतं. पायपुसणं भिजून चिंब. लाल झाकणाची बिन गॅरेजमध्ये नीट उभी होती. पिवळ्या झाकणाची नव्हती. बाबाही नव्हते. फोन लावला तर तो डायनिंग टेबलावरच वाजला.

मी तशीच धावले. वारा पाठीत ढकलत होता. अख्ख्या गल्लीच्या बाटल्या, खोके, दुधाचे कॅन पाण्याबरोबर उतारावरून निघाले होते. खाली ओढा रस्त्यावर आला होता. ओढ्याकाठच्या कठड्याला फांद्या अडकल्या होत्या, त्यात आमची बिन आडवी, आणि तिच्याखाली काहीतरी निळं. बाबांचं जाकीट निळं होतं.

मी गुडघाभर पाण्यात शिरले. ते निळं हाताला लागलं, ओढलं. ताडपत्री होती. तरी मी तिच्याखाली चाचपतच राहिले.

"लव्ह! ही इज हिअर!"

कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी बाई गॅरेजमधून ओरडत होती. आमची ओळख हात हलवण्यापुरती. आत बाबा खुर्चीवर बसले होते, नडगीला टॉवेल गुंडाळलेला, तो लाल झालेला. घरंगळणारी बिन धरायला गेले आणि तिच्यासकट पडले. पाणी ओढत होतं, तेव्हा या बाईने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. ते अजून तिचा हात सोडत नव्हते.

"मला वाटलं, आता काही उठत नाही मी," ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं, आईच्या आजारपणातसुद्धा नाही. रागवायचं मनात होतं, पण दात वाजत होते. मी ओल्या सिमेंटवर त्यांच्या पायाशी बसले.

दुपारी रस्ता उघडला. हॉस्पिटलमध्ये सात टाके पडले. कचऱ्याची गाडी शुक्रवारी आली. बाबा नंतर तीन आठवडे एकटे घराबाहेर पडले नाहीत. ऊन पडलं तरी नाही. रोज सकाळी फिरायला जाणारा माणूस. त्या दिवसापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सप्टेंबरात ते परत गेले. आता इकडच्या वादळाची बातमी दिसली की फोन करतात. "घरात आहेस ना?" एवढंच विचारतात, आणि मी "हो" म्हणेपर्यंत थांबतात.