कोणी पाहिलं का?

"कोणी पाहिलं का?" असं विचारून तो पाळीपाळीने सगळ्यांकडे बघायचा. डाव सुरू होतानाच त्याने समोरच्याच्या तोंडावर पावडर फुंकलेली असायची. फुलपाड्याच्या आमच्या मंडळात त्याच्यासारखा कॅरम कोणी खेळत नसे आणि त्याच्याइतकं घाणेरडंही कोणी खेळत नसे. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

मे महिन्यातही तो लांब बाह्यांचा सदरा घालायचा. मनगटाचं बटण कायम उघडं. त्या लोंबत्या बाहीने सोंगट्या भोकाकडे सरकायच्या. आमच्याकडे पंच नसे. ज्याचा फाऊल त्यानेच सांगायचा, अशी रीत होती. तो सोडून सगळे सांगायचे. समोरच्याचा नेम चुकला की हा त्याचा बाप काढायचा आणि आम्ही हसायचो. आठवलं की अजून किळस येते, आमची जास्त. आणि हाच माणूस, माझी आई आजारी असताना आठवडाभर पेजेचा डबा घेऊन येत होता.

एका वर्षी मंडळाच्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर अर्नाळ्याचा एक कोळी आला. जो जिंकेल तो तालुक्याला खेळणार होता. त्या दिवसापुरतं मला पंच केलं होतं.

"आधी हात धू. बोर्डाला मासळीचा वास लागेल," हा म्हणाला. कोळी मुकाट्याने हात धुऊन आला. मध्येच एकदा, कोणाच्याही लक्षात आलं नसताना, आपला अंगठा लागल्याचं सांगून त्याने घेतलेली सोंगटी परत ठेवली.

शेवटी राणी उरली आणि दोघांची एकेक सोंगटी. याची बाही फिरली, राणी भोकाच्या तोंडाशी गेली.

"रानी हालली. बाही लागली तुजी," कोळी म्हणाला.

"कोणी पाहिलं का?" याने माझ्याकडे बघत विचारलं.

मी पाहिलं होतं. पण तालुक्याचा कप हाच आणेल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मी नाही म्हणालो.

कोळ्याने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. जाताना नळावर पुन्हा हात धुतले. नंतर तो कधीच आला नाही.

तालुक्याला खरा पंच होता. त्याने याला पहिल्याच सामन्यात बाहेर काढलं.

हळूहळू याच्यासमोर बसायला कोणी तयार होईना. एका संध्याकाळी मी मंडळात गेलो, तर तो एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याने पावडर फुंकली, बाहीने राणी सरकवली आणि सवयीने मान वर केली.

"पाहिलं," मी म्हणालो.