दोन ओळी द्या, सर

दिगू गेल्याची बातमी मला ज्या मोबाइलवर आली, त्याच मोबाइलवर त्या सकाळी मी एका नटासाठी शोक करत होतो. रविवार होता. हिंदी सिनेमातला तो म्हातारा नट पहाटे गेला होता आणि आमच्या तलवाड्याच्या ग्रुपवर उजाडल्यापासून पणत्या, मेणबत्त्या आणि जोडलेल्या हातांची रीघ लागली होती. मीही मागं राहणारा नाही. फेसबुकवर टाकायला चांगली लांबलचक पोस्ट लिहीत होतो. ‘माझ्या तरुणपणाचा एक कोपरा आज रिकामा झाला’ इथपर्यंत आलो आणि दिगूचा फोन वाजला. मी कापला. नट गेलाय, याला डिझाइनसाठी मजकूर पाहिजे असणार, दुसरं काय! लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मग त्याची कटकट थांबावी म्हणून दोन ओळी टाइप करून पाठवून दिल्या... ‘एका पर्वाचा अस्त झाला. अभिनयाचं विद्यापीठ हरपलं.’ आणि मी माझ्या रिकाम्या कोपऱ्याकडं वळलो. दीडेक तासानं ग्रुपवर मेणबत्त्यांच्या मधोमध एक साधी ओळ आली. दिगांबर फ्लेक्सवाले यांचं गेवराईला दवाखान्यात नेताना वाटेतच निधन झालं. त्या ओळीखाली पुन्हा नटाचे फोटो सुरू झाले.

दिगूला मजकूर नको होता. त्याच्या छातीत कळ आली होती. त्याचं घर गावाबाहेर, शेतात. त्या बाजूला चारचाकी एकट्या माझ्याकडं, आणि ती त्या वेळी माझ्या दारात लिंबाखाली उभी होती. हे सगळं मला मातीच्या वेळी, स्मशानात इतरांच्या बोलण्यातून कळलं. ‘सरांना फोन लावलता म्हनं, लागला न्हाई,’ असं कुणीतरी म्हणालं, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याला आता दीड महिना होतोय. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहिताना हात जरा स्थिर लागतो म्हणतात, माझा नाही. कारण मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि तिचीच भीती वाटत होती... माझ्या त्या दोन ओळी दिगूनं वाचल्या का? वाचल्या असतील तर त्याला काय वाटलं? हे सांगू शकणारं माणूस एकच, त्याच्याजवळ बसलेली त्याची बायको, सविता वहिनी. आणि त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत होत नव्हती.

मी बदली होऊन तलवाड्याच्या शाळेत आलो, त्याच वर्षी दिगूची गाठ पडली. स्टँडवर एक श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. वर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो, चंदनाचा हार, पेटती समई, सगळं यथासांग. आणि खाली, जिथं ‘शोकाकुल’ म्हणून घरच्यांची नावं असतात, तिथं ठळक अक्षरात ‘शुभेच्छुक’! त्याखाली मुलं, सुना, जावई ओळीनं हसत उभे. मी मराठीचा मास्तर, मला राहवेना. तावातावानं दुकानात शिरलो. कॉम्प्युटरसमोर एक जाडजूड, घामेजलेला माणूस बसला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “बरुबर हाय सर. सकाळी वाढदिवसाचं काम होतं, दुपारी हे आलं. साचा तोच ऱ्हायला. घरचे तीन दिवस बघायलेत, कुणी बोललं न्हाई, तुमीच पयले.” मग शेजारचं स्टूल पायानं माझ्याकडं सरकवत म्हणाला, “आता आलाच हाव तर बसा. हे दुसरं एक काम हाय. दोन ओळी द्या, सर.”

त्या स्टुलाचं रेक्झिन फाटलं होतं म्हणून त्यानं जुन्या फ्लेक्सचा तुकडा त्यावर ताणून बांधला होता. कुण्या पुढाऱ्याचा अर्धा गाल आणि एक डोळा त्यावर आला होता. सुरुवातीला बसायला संकोच वाटायचा. “बसा हो, त्यांनीबी आपल्याला लई दाबलंय,” दिगू म्हणायचा. पुढं शाळा सुटली की माझे पाय आपोआप तिकडं वळायला लागले. मी मजकूर द्यायचा, त्यानं तो साच्यात बसवायचा आणि तीन ओळी झाल्या की एक कापायची. माझ्या ओळी इतक्या सहज कापणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि श्रद्धांजलीचा धंदा नटनट्यांपर्यंत, गायकांपर्यंत, खेळाडूंपर्यंत पोहोचला. मुंबईत किंवा परदेशात कुणी गेलं की तासाभरात तलवाड्याचं डिझाइन तयार. आपल्या आधी माजलगावच्या कुणाचं डिझाइन फिरायला लागलं की हा दिवसभर हिरमुसलेला. मी त्याची टर उडवायचो, पण ओळी मीच पुरवायचो. ‘तारा निखळला’, ‘काळाच्या पडद्याआड’, ‘युगाचा अंत’, आणि माझी लाडकी, ‘पर्वाचा अस्त’. दिगूनं कधी कोणती ओळ वापरली हे शटरच्या आतल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. एकच ओळ महिन्याच्या आत पुन्हा चालायची नाही, हा त्याचा नियम. “सर, पर्व मागच्याच महिन्यात मावळलंय की. पुन्हा कसं मावळवू? दुसरं द्या.” मी चिडायचो. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, विचारायचो. “त्याला न्हाई पडत. वाचणाऱ्याला कळतं ना, आपण मनातून लिव्हलंय का उगं ढकललंय,” तो म्हणायचा.

मला सगळ्यात राग यायचा तो खालच्या फोटोंचा. कुठल्याशा नटाच्या फोटोखाली आमच्या गावच्या वीस-बावीस जणांचे गोल गोल फोटो, कुणी गॉगल घालून, कुणी कानाला मोबाइल लावून. एकदा मी स्पष्टच बोललो. “दिगू, या लोकांचं इथं काय काम? तो नट यांना ओळखत होता का? मेलेल्याच्या जिवावर मिरवायची हौस नुसती!” तो माऊस हलवत राहिला. थोड्याच दिवसांनी, ऊसतोडीच्या हंगामात, मी तिथं बसलेलो असताना त्याला कर्नाटकातल्या एका फडातून फोन आला. गावातलाच माणूस, टोळीबरोबर गेलेला. त्याची चुलती इकडं वारली होती. लहानपणी तिनंच त्याला वाढवलेलं. दिगूनं फोन स्पीकरवर टाकला. “दिगूभाऊ, मला मातीला यायला जमंना. माझा फोटो तेवढा खाली टाका. आन फ्लेक्स लागला की मला धाडा, मी हितं बघतो.” दिगूकडं त्याचा फोटो नव्हता. दोन तास स्वतः काढलेले जुन्या लग्नांचे फोटो उपसून त्यानं एका पंगतीतून त्याचा चेहरा शोधला आणि कापून काढला. कानामागं दुसऱ्याच कुणाच्या फेट्याचा शेमला राहिला, तो काही निघेना. तसाच लावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “ही हजेरी हाय, सर. तुमी वर्गात घेता, मी स्टँडवर घेतो.”

“ते चुलतीचं ठीक आहे. पण नटाखाली कशाला?” मी हट्टाला पेटलो होतो. दिगूनं खुर्ची वळवली. “माझा बाप गेला तवा मी एका लग्नात फोटो काढाया गेलतो. फोन पिशवीत, पिशवी जानवशात. फोन वाजून वाजून थांबला. मी नवरीचे फोटो काढत ऱ्हायलो. घरी आलो तर सगळं उरकलं होतं. तवा रडूच आलं न्हाई मला. मग परवा तो गायक गेला ना... डिझाइन करता करता लई रडलो. सविता म्हनली, तुमाला गाण्याचं एवढं येड कवापासून?” तो हसला आणि पुन्हा स्क्रीनकडं वळला. त्या दिवशी मी विषय तिथंच सोडला. पण खरं सांगायचं तर ते मी मनावर घेतलं नाही. पुढच्या नटाच्या वेळी पुन्हा टर उडवलीच.

आणि गंमत अशी, की गावात सगळ्यात जास्त मिरवला तो मीच. दिगू गेला त्या दिवशी माझी पोस्ट लोक डोक्यावर घेत होते. ‘सर, रडवलंत’, ‘सर, शब्द नाहीत’. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तर मातीहून परतताना रस्त्यातच त्या पोस्टचं कौतुक केलं. मी ‘आभारी आहे’ म्हणालो! अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. चौथ्या दिवशी मी ती पोस्ट काढून टाकली, तर दोघातिघांनी ती कुठं गेली म्हणून चौकशी केली. दिगूविषयी मात्र मी एक अक्षर लिहू शकलो नाही. ग्रुपवर लोक लिहीत होते. त्यांच्यात त्याच्याशी जन्मात न बोललेलेही होते आणि माझा जीव जळत होता... पण जळायचा अधिकार तरी मला कुठं होता? ते निदान हजर होते.

दिगूचा फ्लेक्स गेवराईहून करून आणावा लागला, कारण गावात तो करणारा एकटाच होता आणि तोच वर फोटोत होता. आणणाऱ्यांनी मला मजकूर मागितला. मी म्हणालो, सुचत नाही. त्यांनी नुसतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं आणि दोन ओळींची जागा कोरी सोडली. खालच्या ओळीत पहिला फोटो माझा, जरा मोठाच. तो दिसू नये म्हणून मी शाळेला मागच्या रस्त्यानं जायला लागलो. दारातली गाडी सुरू करायला नको वाटायचं. फोन वाजला की, कुणाचाही असो, पहिल्या रिंगला उचलायचो, आणि उचलल्यावर काय बोलायचं ते सुचायचं नाही.

मागच्या आठवड्यात न राहवून दुकानात गेलो. सविता वहिनींनी दुकान उघडलं आहे, हे ऐकलं होतं. त्या कॉम्प्युटरसमोर बसून कुणाच्या तरी बारशाचं काम करत होत्या, एका बोटानं, अक्षरं शोधत. भिंतीवर खडूची अक्षरं तशीच होती. त्यांनी स्टूल सरकवलं. मी बसलो नाही.

“वहिनी, त्या दिवशी फोन मी कापला होता. दोन्ही वेळा.”

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “मीच लावलता. लागला न्हाई आन कापला, ह्यातलं कळतंय मला.”

“मला वाटलं, तो नट गेलाय म्हणून...”

“माझा लई राग हाय तुमच्यावर, सर. खोटं कावून बोलू? जीप यायला अर्धा तास गेला. डॉक्टर म्हनले, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. त्यांना न्हाई सांगता येत. मी रोज सांगते, माझं मला.”

शेवटी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. “माझा मेसेज... त्यानं वाचला का?”

वहिनींनी हातातलं काम थांबवलं. “हे बाजंवर पडलेले. फोन वाजला तवा म्हनले, सर निघाले असतील, वाच. मी वाचलं. पर्वाचा अस्त, विद्यापीठ, असलं कायतरी. मला काही उमगंना, कुणाचं काय. ह्यांना उमगलं. छाती धरून हसले. म्हनले...” त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. “म्हनले, पर्व न्हाई चालायचं, सराला म्हणावं दुसरं द्या.”

“आणि?”

“आन काय? मग जीप आली.”

मी त्या अर्ध्या गालावर, एका डोळ्यावर मटकन बसलो आणि रडलो. त्या दिवशी नटासाठी नव्हतो रडलो, दिगूच्या मातीलाही नव्हतो रडलो. वहिनींनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाणीही विचारलं नाही. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. दिगूचा तोच फ्लेक्स होता, मधली पट्टी कोरी. “स्टँडवरचा उन्हानं पार उडालाय. नवा काढायचाय. दोन ओळी द्या, सर.”

बराच वेळ लागला. बारशाचं काम न्यायला माणूस आला, घेऊन गेला. शेवटी मी सांगितलं आणि त्यांनी एका बोटानं ते उतरवून घेतलं.

दिगूचा फोन आला होता.
मी उचलला नाही.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. “हे स्टँडवर लागणार हाय, सर. सगळं गाव वाचंल.”

“लावा.”

त्यांनी स्क्रीनवर खालची रांग आणली आणि माझ्या फोटोवर बोट ठेवलं. “मग हा ठेवू का काढू?”

“ठेवा,” मी म्हणालो.

फ्लेक्स परवा लागला. मी पुन्हा स्टँडवरूनच शाळेला जातो.