दुसरी प्रत

भूकंपानंतर आमच्या गावातल्या मेलेल्यांची यादी अप्पांनी, माझ्या वडिलांनी लिहिली. ते गावच्या शाळेत मास्तर, अक्षर वळणदार. गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावंही तेच घालायचे. म्हणून तलाठ्यानं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्यापुढंच कागद ठेवले. त्यांनी शेजाऱ्यांची नावं लिहिली, आपल्या विद्यार्थ्यांची लिहिली, आणि आपल्या घरापाशी आल्यावर थोरल्याच्या जागी माझं नाव लिहिलं.

माझा थोरला भाऊ मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. विसर्जनाला म्हणून घरी आला आणि माळवदाखाली सापडला. मी नांदेडला बीएस्सीला, म्हणून वाचलो. तिसऱ्या दिवशी गावात पोचलो तर तलाठी म्हणाला, "तुमचं नाव तर गेलेल्यात हाय." अप्पांनी यादी ओढून घेतली, माझं नाव खोडलं, वर थोरल्याचं लिहिलं. "हात चुकला," एवढंच म्हणाले. अशा वेळी कुणाचाही चुकला असता. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्यात काही दम उरलेला नाही.

तोवर माझं बरं चाललं होतं. घरात एक डॉक्टर होणार म्हटल्यावर दुसऱ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी गोदावरीच्या काठी मासे धरणाऱ्यांत जाऊन बसायचो. रोहू, मरळ असं काही मिळालं की हॉस्टेलवर आणून चिरायचो, आत काय आहे ते वहीत काढायचो. आमचं घर माळकरी. कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

"आता तूच," अप्पा म्हणाले, आणि तो मोकळेपणा संपला. थोरल्याची पुस्तकं ढिगाऱ्यातून निघाली होती. माती झटकून त्यांनी ती माझ्या हातात दिली. तेव्हा मेडिकल बारावीच्या मार्कांवर मिळायचं, म्हणून बीएस्सी सोडून लातूरला खोली घेऊन मी दोनदा परत बारावीच्या परीक्षेला बसलो आणि दोन्ही वेळा मेडिकल हुकलं. मग तोंड लपवून नांदेडला परतलो, राहिलेलं बीएस्सी पुरं केलं, प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं.

तिथल्या आमच्या सरांनी एका दुपारी माशांची गोष्ट सांगितली. कोट्यवधी वर्षांपूर्वी माशांच्या एका पूर्वजात सगळा जनुकसंच दुप्पट झाला. शरीर घडवण्याची जेवढी म्हणून कृती लिहिलेली होती, तिच्या दोन दोन प्रती. आजचे बहुतेक मासे त्याचेच वंशज. एक प्रत काम ओढत राहते, म्हणून दुसरीत चुका झाल्या तरी माशाचं बिघडत नाही. बहुतेक वेळा ती दुसरी प्रत अशीच चुका साठत निकामी होते, पुसली जाते. कधी दोघी जुनं काम वाटून घेतात. आणि क्वचित एखादी, कुणाचं लक्ष नसताना, अगदी नवं काम शिकते. माझ्याबद्दल इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं.

सरांनीच मला दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. काम माशांच्या याच जनुकांवर. पत्र घेऊन मी गावी गेलो. तोवर गाव नव्या जागी वसलं होतं, सरळ गल्ल्या, सगळी घरं सारखी. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं.

"मासे?" ते म्हणाले. पत्राची घडी घातली. "लातुरात क्लासवाल्यांना बायोलॉजीचा मास्तर पायजे म्हणत्यात. डॉक्टर झाला न्हाईस, डॉक्टर करणारा तरी हो."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी भांडून गेलो असतो. ते रडत होते. मी लातूरला गेलो.

आज माझ्यासमोर एका वेळी दोनशे पोरं बसतात. निलंगा, देगलूर, कुठून कुठून येतात, दोन-दोन वर्षं खोल्यांतून राहतात. माझ्या हाताखालून किती डॉक्टर झाले ते आमच्या क्लासच्या फलकावर फोटोंसह लावलेलं आहे. एकदा न राहवून मी माशांची ती गोष्ट सांगितली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, काम करणारी कॉपीच गेली तर?"

"मग दुसरीला तेच काम करावं लागतं. तिला दुसरं काही होता येत नाही."

"आणि तवर ती बिघडलेली असली तर?"

हे परीक्षेला येत नाही, असं सांगून मी पुढचा धडा काढला.

अप्पा आता थकलेत. माणसांत माणूस मिसळून टाकतात, एकाला दुसराच समजतात. मी दर रविवारी जाऊन त्यांचा रक्तदाब बघतो, तेवढीच माझी डॉक्टरकी. गेल्या रविवारी मी दंडाला पट्टा बांधत असताना त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि इतके खुलले की मला कळलं, मी आत्ता थोरला आहे.

"कॉलेजातून कवा आलास?"

"आत्ताच."

"आन् धाकटा? काय करायलाय तो नांदेडात?"

मला खोटं सांगता आलं असतं. मासे चिरायलाय, असंही सांगता आलं असतं.

"तो भूकंपात गेला, अप्पा."

त्यांनी जरा आठवून पाहिलं. मग मान हलवली.

"व्हय," म्हणाले. "मीच लिहिलं होतं."

मी पंप दाबला आणि काट्याकडं बघत राहिलो.