सर्व्हरवाल्या ताई

‘ज्याचं त्यालाच दिसंल, भाऊ,’ असं म्हणत ताई तळहाताच्या कडेने टेबलावर उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या. टेबलावर काही उमटायचं नाही, पण समोरचा माणूस त्या रेघांकडे टक लावून बघायचा. आपल्या वाट्याचा तुकडा कुठला, हे शोधत असल्यासारखा.

मंचरच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रकमागे अडकलात आणि सहज वर पाहिलंत, तर खताच्या दुकानावरची आमची पाटी तुम्हालाही दिसेल. आसपासच्या ठेकेदारांना आणि शेतकरी कंपन्यांना आम्ही कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर चालवून देतो. कोणतं काम कुणाकडे आहे, कुठवर आलं, कशावाचून अडलं, हे सगळं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, माहिती वेगळी, पासवर्ड वेगळा. फक्त ज्या मशीनवर हे सगळं चालतं, तो सर्व्हर सगळ्यांत मिळून एक. हे सगळं उभं केलं ताईंनी. मी मोटारसायकलवरून गावोगाव जाऊन लोकांना ते वापरायला शिकवायचो.

ताई बेल्ह्याकडच्या. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. दोन-तीन घरांची मेंढरं एकत्र बसायची आणि ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घर आपापल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचं. ताई शिकल्या, पुण्यात मोठ्या कंपनीत राहिल्या, परत आल्या, आणि इथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनला त्यांनी वेगळा रंग दिला. चुकून दुसऱ्याच्या दारात शिरायला नको, एवढाच हेतू. एका शेतकरी कंपनीच्या वाट्याला गुलाबी आला. अध्यक्ष बरेच दिवस कुरकुरत होते. पुढे मी त्यांच्याकडे गेलो, तर पॅकहाऊसचा दरवाजाही गुलाबी रंगवलेला. ताईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आमच्या गिऱ्हाइकांत दोन चुलतभाऊ होते. एकाच गावचे, दोघेही शेततळी आणि शेड बांधणारे. शर्यतीच्या बैलांवरून त्यांचं कधीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. दोघे आमच्याकडे वेगवेगळे आले आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. ताईंनी तो लागू दिला नव्हता.

एका सकाळी सगळ्यांच्याच स्क्रीन थिजल्या. धाकट्याने नवा ड्रोन घेतला होता आणि हौसेने प्रत्येक शेततळ्याच्या लांबलचक चित्रफिती चढवल्या होत्या. सर्व्हरवरची सगळ्यांची मिळून असलेली जागा त्या एकट्याने भरून टाकली. नेमका त्याच दिवशी थोरल्याचा स्लॅब होता. माणसं, मिक्सर, खडी, सगळं तयार, आणि कोणाला कुठे लावायचं ते मोबाईल सांगेना. त्याचा फोन आला. दुसऱ्या कुणाच्या ड्रोनच्या चित्रांनी जागा भरली आहे, ताई मोकळी करताहेत, असं मी सांगितलं. त्याने तडक फोन ठेवला. त्या भागात ड्रोन उडवणारा ठेकेदार एकच होता.

ताईंनी तासाभरात सगळं सुरू केलं. स्लॅब पडला. सिमेंटने माखलेल्या बुटांनिशी थोरला संध्याकाळी आमच्या खोलीत उभा राहिला. त्याचं म्हणणं, माझी कामं धाकट्याच्याच मशीनवर ठेवलीत म्हणजे त्याला माझं सगळं दिसत असणार. ‘मी उद्याच निघतो आणि माझ्या ओळखीने आलेल्यांनाही घेऊन जातो,’ तो म्हणाला. ते सगळे गेले असते तर आमची खोली बंद करावी लागली असती.

ताईंनी त्याला बसवलं, चहा मागवला. ‘जागा भरली ती चूक माझी,’ त्या म्हणाल्या. ‘कुंपण घातलं व्हतं, पाण्याची वाटणी करायची राहिली. आज केली. आता कुणीबी आपल्या वाट्याबाहेर जागा खाऊ शकत न्हाई. तरी जायचं असंल तर तुमची सगळी माहिती मी आजच काढून देते.’

थोरला चहा ढवळत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘ताई, त्याचं सध्या काय चाललंय, जरा दाखवता का? नुसतं बघतो.’

‘न्हाई.’

‘त्यानं कधी माझं मागितलं व्हतं?’

‘ते बी सांगणार न्हाई.’ आणि त्यांचा तळहात टेबलावरून हळूच सरकला. ‘ज्याचं त्यालाच दिसंल.’

थोरल्याने त्या रेघेकडे बघितलं आणि चेहरा हळूहळू सैल झाला. आपल्याला दाखवत नाहीत म्हणजे त्यालाही दाखवत नसणार, हे त्याला उमगलं असावं. चहा संपवून तो निघाला, पण आम्हाला सोडून गेला नाही.

पुढे गावाने शाळेचा हॉल बांधायला काढला आणि दोघांनी मिळूनच बांधायचा, असं गावकऱ्यांनी ठरवून टाकलं. एका दुपारी थोरला जिना चढून आला. मागून धाकटा आला आणि दारातच थांबला. थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, ‘एक तिसरं खातं उघडा, ताई. दोघांचं.’

ताई लगेच कामाला लागल्या. रंग कोणता, यावर दोघांची लगेच जुंपली. थोरल्याला आपला निळा हवा, धाकट्याला आपला हिरवा. त्या वादात, कित्येक वर्षांनी, ते एकमेकांशी थेट बोलत होते. ताईंनी त्यांना पोटभर भांडू दिलं आणि मग भंडाऱ्यासारखा पिवळा देऊन टाकला. मी बघितलं, त्यांचे हात कीबोर्डवर आणि डोळे भरलेले.

हॉल झाला. त्यानंतर ताईंच्या यजमानांची संगमनेरला बदली झाली. सर्व्हर इथेच राहिला. त्या तिथूनच त्याच्यावर लक्ष ठेवतात, आणि मी त्याचे पंखे पुसतो. पण खोलीतली त्यांची खुर्ची रिकामी असते.

त्या निघाल्या त्या दिवशी सामान न्यायला दोन पिकअप आल्या. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. दोघे भाऊ हुज्जत घालू लागले, तशा ताईंनी सगळं सामान थोरल्याच्या गाडीत चढवायला लावलं आणि स्वतः धाकट्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मी फुटपाथवर उभा होतो. चौकात नेहमीची कोंडी, कुणी कुणाला पुढे जाऊ देत नव्हतं. धाकट्याने गाडी थांबवली, खिडकीतून हात बाहेर काढून मागचा ट्रक अडवला आणि थोरल्याला आधी जाऊ दिलं.