दुर्गाताईंनी घेतलेलं नाव

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांमागच्या गल्लीत दुर्गाताई इंगवले शिवणकाम करत. त्यांचे यजमान जयवंतराव रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. १९६७ च्या श्रावणात एका सकाळी ते डबा घेऊन निघाले. वर्कशॉपात पोचले नाहीत आणि घरीही आले नाहीत. मुलगी सुनेत्रा तेव्हा चार वर्षांची होती. दुर्गाताईंचा भाऊ नारायण शेळके याने मायलेकींना आपल्या घरी आणलं.

वर्कशॉप सुटल्याचा भोंगा झाला की दुर्गाताईंचं मशीन थांबायचं. सायकलींचा लोंढा गल्लीतून जाईपर्यंत त्या सुईत दोरा ओवत असल्यासारख्या बसून राहायच्या. शेवटची सायकल गेली की मशीन पुन्हा सुरू. मी त्यांच्याकडे पोलकी शिवायला टाकत असे, म्हणून हे पाहिलेलं. कपाळावर ठसठशीत कुंकू असे. त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारत नसे.

१९७९ साली सुनेत्रा माझ्या वर्गात होती. बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म भरताना ती टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, हे नाव माझं नाही." रजिस्टरात लिहिलं होतं, सुनेत्रा नारायण शेळके.

घोटाळा शाळेत नाव घालतानाच झाला होता. कारकुनाने वडिलांचं नाव विचारलं आणि दुर्गाताई खाली बघत राहिल्या. नवऱ्याचं नाव बायकोने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांच्या आईने लग्नातच सांगितलं होतं. नवरा घरात असता तर एखाद्या वेळी घेतलंही असतं. बेपत्ता माणसाचं कसं घ्यायचं? तेवढ्यात नारायण सायकल लावून आत आला. कारकुनाने त्याला "तुमचं नाव?" असं विचारलं, त्याने सांगितलं आणि तेच वडिलांच्या रकान्यात गेलं. सुनेत्राचा जन्म आजोळी, घरातच झालेला. त्याची नोंद कुणी केली नव्हती. दुरुस्तीचं दर वर्षी ठरायचं आणि राहून जायचं.

मी सुनेत्राला म्हटलं की मामा इतकं करतो, त्याच्या नावात वाईट काय आहे? ती रडली नाही. म्हणाली, "बाबा मला शोधत शाळेत आले तर इंगवले विचारतील ना? तुम्ही सांगाल, अशी कुणी मुलगी नाही."

मी तिला आणि नारायणला हेरंब वकिलांकडे पाठवलं. वडील घरात असोत की नसोत, त्यांचं आडनाव लावण्याचा मुलीला हक्क आहे, असं वकील म्हणाले. फक्त आईने अधिकाऱ्यापुढे शपथेवर वडिलांचं नाव सांगायला हवं होतं. माणूस सात वर्षांहून जास्त बेपत्ता आहे, मयत म्हणून लिहिलं तर पुढची कटकट वाचेल, असंही त्यांनी सुचवलं. नारायणने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा दुर्गाताईंनी कापडाला लावलेली कात्री तशीच खाली ठेवली. मयत लिहायचं नाही, आणि नावही त्या घेणार नाहीत.

आठ दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नारायण मला म्हणाला, "बाई, दहा वर्षं बाप म्हणवून घेतलं. आता फुकटात मामा व्हायलाही मी तयार आहे, पण ह्या दोघींनी जेवायला तरी एकत्र बसावं."

नवव्या दिवशी दुर्गाताई आपणहून उठल्या. नवी साडी नेसल्या, कुंकू पुन्हा लावलं. कचेरीत मीही सोबत होते, शाळेचं रजिस्टर घेऊन. दुर्गाताईंना वाचता येत नव्हतं, म्हणून गुजराती अधिकाऱ्याने कागद वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली.

"माथुं नहीं, बेन. पतिनुं नाम बोलो," अधिकारी म्हणाला. नुसती मान हलवून चालणार नव्हतं.

दुर्गाताईंनी सुनेत्राकडे बघितलं. बाकड्यावरची माणसंही बघत होती.

"जयवंतराव बळवंतराव इंगवले," त्या म्हणाल्या. आवाज मोठा होता. नाव घ्यायचंच तर चोरून कशाला, असं काहीतरी त्यात होतं.

"हयात छे?"

"हो."

अधिकाऱ्याने क्षणभर त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि सही केली. सुनेत्राने आईच्या तोंडून बापाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. परतताना ती ते ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुर्गाताई दोन पावलं मागे चालत होत्या.

रजिस्टरात दुरुस्ती झाल्याचं सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. नाव नीट लिहिलंय ना, असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "पोरीचं काम झालं. पण बाई, मी नाव घेतलं तेव्हा ते कुठे असतील? रस्ता ओलांडत असतील, नाहीतर कुठे उंचावर काम करत असतील."

सुनेत्रा दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

त्यानंतर तारवाला गल्लीत शिरला की दुर्गाताई आत जाऊन बसत. शनिवारचा उपास होताच, सोमवारचाही सुरू झाला. घेतलेल्या नावाचं आयुष्य भरून द्यायचं होतं त्यांना.

तिसऱ्या सोमवारी सुनेत्रा मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसली होती. बरं नाही का, असं मी विचारलं. "उपास आहे, आईबरोबर," ती म्हणाली. सुट्टीनंतर हजेरी होती. इंगवले सुनेत्रा जयवंतराव. एवढ्या हौसेने मिळवलेलं नाव, पण त्या दिवशी मी ते जरा हळूच वाचलं.