जिने मुलांना नाताळचं गाणं शिकवलं

मस्कतमध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना शुक्रवारी दुपारी असते. रुवीतलं चर्चचं आवार मोठं आहे, सभागृहं चार-पाच, आणि भाषेनुसार वेळा वाटून दिलेल्या. त्या सगळ्यांत आम्ही लहान, जेमतेम तेरा घरं. नगर, मिरज, पुण्याकडचे लोक. कुणी बँकेत, कुणी तेल कंपनीत, मी एका खाजगी दवाखान्यात नर्स. पंचवीस डिसेंबर इथे एरवीसारखाच कामाचा दिवस, त्यामुळे आमचा नाताळ त्याच्या जवळच्या शुक्रवारी.

आपल्या भाषेत उपासना होते याचा आम्हाला फार अभिमान. फक्त आमच्या मुलांना ती भाषा येत नाही. गाणी इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावी लागतात आणि मुलं ती औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तशी वाचतात.

चार वर्षांपूर्वी ती आली. जालन्याकडची, पन्नाशीच्या आसपासची. मस्कतच्या टोकाला, माबेल्यात, एका ओमानी कुटुंबात घरच्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायची. दोन बस बदलून आली होती. दाराशी चपला काढल्या, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने "सलाम" म्हणाली आणि शेवटच्या रांगेत बसली. गाणं सुरू झालं तशा आमच्या माना मागे वळल्या. असा आवाज मी लहानपणी गावच्या भजनात ऐकला होता. भरदार, किंचित खरखरीत, शब्दाला घट्ट धरून ठेवणारा.

उपासनेनंतर चहा झाला आणि तिने उठून सगळ्यांचे कप विसळले. कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणी "राहू दे" असंही म्हटलं नाही. पुढच्या शुक्रवारपासून कप आम्ही सिंकमध्येच ठेवून येऊ लागलो.

मुलांचं आणि तिचं मात्र लगेच जमलं. ती त्यांची मावशी झाली, आणि ती त्यांना कागद धरूच देईना. "कागदाकडं बघून देवाचं नाव घेतात व्हय?" म्हणायची. टाळ्या वाजवत, मांडीवर ठेका धरत तिने त्यांच्याकडून नाताळची गाणी पाठ करून घेतली. माझी मुलगी घरी अंघोळ करताना मराठीत गाऊ लागली. मस्कतच्या चौदा वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते या बाईने दोन महिन्यांत केलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी नाताळला भारतातून पाहुणे येणार होते. तयारीची बैठक दार्सैतला आमच्याच घरी झाली. आमच्या मंडळीच्या अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, "मुलांच्या बाजूला आपण चौघी उभ्या राहू. सारख्या साड्या. फोटो चांगले येतील."

"आणि मावशी?" मी विचारलं.

"तिला जेवणाकडे कुणीतरी हवंच ना. शिवाय तिचं गाणं जरा गावठी वाटतं हो. पाहुण्यांसमोर कसं दिसेल?"

बाकीच्या साड्यांच्या रंगाकडे वळल्या. मीही वळले. माझी आजी मावशीच्या आजीसारखीच गावकुसाबाहेर जन्मली होती. मिशनच्या शाळेने आजीच्या हातात पाटी दिली, म्हणून मी नर्स झाले. दोन पिढ्यांपूर्वी आम्हाला जे ऐकवलं जायचं तेच आम्ही माझ्या सोफ्यावर बसून, केक खात, ठरवत होतो.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती मला ताई म्हणायची. नाताळच्या दिवशी ती चर्चच्या फाटकातच भेटली. निळी रेशमी साडी, केसांना तेल. कामाच्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी सणाचं म्हणून स्वतःच्या हाताने तिला अत्तर लावून पाठवलं होतं.

"मावशी, आज स्वयंपाकघर जरा तुम्हीच बघाल का? पुलाव यायचाय, मटण गरम करायचंय..."

"ताई, पोरं माझ्या तोंडाकडं बघून म्हणत्यात. मी नसले तर दुसऱ्या कडव्याला अडतील."

"सांभाळून घेऊ आम्ही."

"बरं," म्हणाली, आणि पदर खोचला.

मुलं दुसऱ्या कडव्यालाच अडली. आम्ही चौघी सारख्या साड्यांत शेजारी उभ्या, आणि आम्हालाही ते कडवं येत नव्हतं. सगळ्यात लहान मुलगी सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली आणि ओरडली, "मावशी, व्हॉट्स नेक्स्ट?"

सभागृहात हशा पिकला. मीही हसले. ती बाहेर आली नाही. आतूनच तिने ओळ उचलून दिली, स्पष्ट, सुरात, आणि मुलांनी गाणं पुरं केलं. टाळ्या बराच वेळ वाजल्या. आभाराच्या भाषणात मुलांची तयारी करून घेतल्याबद्दल अध्यक्षांच्या पत्नींना शाल दिली गेली. त्यांनी ती घेतली. मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने मला ती शेजारच्या तेलुगू सभागृहातून बाहेर पडताना दिसली.

"तुम्हाला तेलुगू कुठे कळतं?" मी विचारलं.

"नाही कळत. शिकवायलेत. जेवायला बसवून वाढत्यात, ताई."

"मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी मी..."

"तुमचं काय चुकलं?" तिने मला मधेच थांबवलं. "तुम्हाला सांगितलं, तुम्ही येऊन सांगितलंत." आवाजात राग नव्हता. मी कोण होते हे तिने बरोबर ओळखलं होतं, एवढंच. बस चुकेल म्हणून ती निघाली.

गेल्या नाताळला आमच्या मुलांनी फोनवर लावलेल्या गाण्याबरोबर नुसते ओठ हलवले. फोटो चांगले आले. माझी मुलगी आता त्यात भाग घेत नाही. विचारलं तर खांदे उडवते.

यंदा उन्हाळ्यात माबेल्यातल्या त्या म्हाताऱ्या बाई वारल्या आणि मावशी जालन्याला परत गेली. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही दवाखान्यातल्या एका तेलुगू सहकारिणीकडून. त्यांच्या मंडळीतले दोघं तिला विमानतळावर सोडायला गेले होते. शुक्रवारी मी आमच्या बायकांना सांगितलं, तेव्हा अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, "हो का? मला वाटलं, ती केव्हाच गेली." आणि त्यांनी केकचा विषय काढला.

सहकारिणीने तिचा गावाकडचा नंबर देऊ केला होता. मी म्हटलं, नंतर घेते.