देवरावांनी रोखून धरलेला सुरुंग

देवराव पिंपळशेंडे पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझी उलटतपासणीच घेतली. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी नव्या जेट्टीचं काम चालू होतं. पाण्याखालचा खडक सुरुंग लावून फोडायचा आणि मोठ्या बोटींसाठी वाट खोल करायची, असं ते काम. मी तिथं डॉल्फिनवर नजर ठेवायला नेमलेली, आणि ते सुरुंग उडवणारे. पत्र्याच्या शेडमध्ये ते एकटेच डबा खात बसले होते. फोनवर कोणाला तरी ते "काहून बे?" म्हणाले आणि मी हरखून गेले. घरापासून इतक्या लांब आपल्याकडचा शब्द!

"काका, तुम्ही विदर्भातले ना? मी यवतमाळची."

त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. त्यांनी आधी डब्याचं झाकण लावलं.

"यवतमाळात कोठी?"

"दारव्हा रोडला."

"शकुंतला कोठलोक जाये?"

"मूर्तिजापूरपर्यंत. आता बंदच आहे ती गाडी."

"घरी कोण कोण हाय?"

"आई-बाबा. बाबा कचेरीत होते, आता रिटायर झाले."

"मंग कचेरीतल्या मानसाची पोट्टी अठी समुद्रात मासे पाहाले कायले आली? कोणी पाठवलं?"

मी सांगितलं की डॉल्फिन हा मासा नाही. तो आपल्यासारखा श्वास घेतो, त्याची मादी पिलाला दूध पाजते. सुरुंग उडवण्याआधी आसपास डॉल्फिन नाहीत ना, हे मी पाहायचं; असले तर काम थांबवायचं. नसले तर हिरवी झेंडी दाखवायची, मगच सुरुंग. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बनावट नोट पुढे केली होती.

"मासा दूध पाजते. अन् थ्याच्यासाठी काम बंद." ते उठले. "मॅडम, येडं बनवाले दुसरा पाहा."

ते झरी जामणी तालुक्यातल्या एका खेड्याचे. घरी कापूस आणि तूर. पण त्यांचं अर्धं आयुष्य तिकडच्या चुनखडीच्या खदानींत दगड फोडण्यात गेलं होतं. कोकणातल्या ठेकेदाराला परवानाधारक माणूस हवा होता, म्हणून ते इथं आले. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता आणि तोही त्यांच्या मनातून उतरला होता. "सकाळी अठी पाणी व्हतं, दुपारी नाई. जे रोज जागा सोडते, थ्याच्यावर काय भरोसा ठेवा?" भरती-ओहोटीवरचं त्यांचं मत हे एवढंच.

त्यांचा भरोसा कशावरच नव्हता. वायरमननं तपासलेली वायर ते पुन्हा सगळी हातातून फिरवून पाहत. खानावळवाल्यानं मासळीच्या कालवणाची वाटी सरकवली की ते वाकून वास घेत आणि वाटी परत सरकवत. जेवायला घरून आणलेली ज्वारीची भाकर संपल्यावर ते बरेच दिवस भात-वरणावर राहिले, तेही स्वतःच्या हाताचं. कोणी सांगितलं, "काका, सगळं ठीक आहे," की त्यांचा एकच प्रश्न असे: "पाह्यलं का? का आयकलं?"

खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याबद्दल संशय होता. रोज काम संपलं की ते साइट मॅनेजर सुर्वे यांच्या केबिनमध्ये जात आणि दार आतून लोटून घेत. सुर्वेंना माझं तिथं असणं बिलकूल खपत नव्हतं. मी झेंडी दाखवायला उशीर केला की ते घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत. या दोघांचं काहीतरी ठरलेलं असणार, मी नसताना सुरुंग उडवत असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी आमच्या होडीच्या तांडेलाला विचारलं. तो हसला. "उरलेली सुरुंगाची दारू तिथं कुलपात ठेवतात नि कुलूप चार वेळा ओढून बघतात. सुर्वेसाहेब वैतागतात."

आणि देवरावांच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, ते तांडेलानंच सांगितलं. हे काम न मिळालेल्या दुसऱ्या ठेकेदारानं मला पेरलं आहे, काम रखडवायचे मला पैसे मिळतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

म्हणून एके दिवशी मी त्यांना म्हटलं, "चला होडीत. स्वतः पाहा."

ते आले. होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसले, चेहरा राखेसारखा. बराच वेळ काहीच दिसेना. त्यांच्या ओठांवर 'पाह्यलं?' असं हसू यायला लागलं. तेवढ्यात आमच्या डाव्या अंगाला पाणी फुगलं आणि 'फूऽऽ' असा आवाज आला, दमलेल्या माणसानं ओझं टेकवून उसासा सोडावा तसा. करडी पाठ, तिच्यावर कुबड, मग पंख. आणि तिच्या कुशीला लागून एक लहानगं, तेही तसंच, पण घाईघाईनं श्वास सोडत.

ती जोडी पुन्हा वर आली, पुन्हा बुडाली. तिसऱ्यांदा आली तेव्हा देवरावांनी हळूच विचारलं, "थे लहानं, तिचंच काय?"

"तिचंच."

"अन् आपला बार उडला तं?"

मी सांगितलं. हवेपेक्षा पाण्यात आवाज जोरात आणि लांब जातो. जवळ असले तर मरतात. थोडे लांब असले तर कान जातात. डॉल्फिन आवाजाच्या आधारानंच वाट काढतात, खाणं शोधतात, एकमेकांना हाका मारतात. कान गेलेला डॉल्फिन जिवंत असतो, पण किती दिवस, ते सांगता येत नाही.

ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माह्या साळ्याचे कान गेले खदानीत. समद्यायनं सांगतलं, कोणी नाई आत, उडव. म्या उडवला. थो डबा आनाले परत गेलता." पुढे म्हणाले, "जिता हाय. पन थ्याच्या पोरीनं हाक मारली तं पाह्यत नाई."

किनाऱ्याला लागल्यावर मला वाटलं, आता हे माझ्या बाजूचे झाले. तसं काही नव्हतं. होडीतून उतरता उतरता त्यांनी विचारलं, "रोज याच जागी येते का थे? की तुमाले ठाऊक व्हतं आज येतीन म्हणून?"

पुढचे काही आठवडे मात्र ते माझी झेंडी पाहिल्याशिवाय हलत नसत. झेंडी दाखवल्यावरही ते हात उंच करून विचारत, "पाह्यलं?" मी मान हलवली की मग पुढचं काम. कधी कधी मला राग यायचा. शिकून आलेली मी, दुर्बीण माझ्या गळ्यात, आणि हे मलाच तपासतात! पण खाडीत त्या सगळ्या काळात एकही डॉल्फिन मेलेला दिसला नाही, हेही खरं.

मग पावसाळा जवळ आला. समुद्र खवळला की काम बंद होणार आणि खडकाचा शेवटचा पट्टा अजून शिल्लक. त्या दिवशी सकाळी सुर्वे मला म्हणाले, "मॅडम, आज ब्लास्टिंग नाही. तुम्ही तालुक्याला जाऊन या, तिथल्या साहेबांना तुमच्याशी बोलायचंय." मी एसटीत बसले. तालुक्याच्या कचेरीत साहेब रजेवर होते. कोणाला काही निरोपही नव्हता. मी पायऱ्या उतरत होते तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, तुमी सुर्वेसायबाले फोनवर ओके देल्लं का?"

"कसलं ओके?"

"बार भरून ठेवला हाय. सायेब म्हनते, मॅडमनं फोनवर सांगतलं, काही नाई पाण्यात, उडवा."

"मी कोणाला फोन केलेला नाही. मी तालुक्याला आहे. थांबवा काका, मी येतेय."

पलीकडून संशयी आवाजात, "तुमीच बोलून राह्यल्या कायवरून?"

"काका!"

"आपल्याकडं अंबाडीच्या भाजीत काय टाकते?"

"कण्या! ज्वारीच्या कण्या!" मी भर रस्त्यात ओरडले. एक बाई वळून पाहू लागली.

"या मंग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं तांडेलानं सांगितलं. सुरुंग उडवण्याच्या यंत्राची किल्ली नियमाप्रमाणे देवरावांकडेच होती. ती त्यांनी खिशात टाकली आणि जेट्टीच्या टोकाला सगळ्यांना दिसेल असं जाऊन बसले. सुर्वे आधी समजावत होते, मग ओरडायला लागले. पाण्यात भरलेले सुरुंग फार वेळ ठेवणं बरं नाही, ओलावून अर्धवट उडाले तर माणसांच्याच जिवावर बेततं. हे देवरावांना सुर्वेंपेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणून घाम त्यांनाच फुटला होता. तरी ते एकच म्हणत राहिले, "पाह्यनारी येऊ द्या."

मी पोचले तेव्हा भरती चढत होती. दुर्बीण लावली, आणि खाडीच्या तोंडाशीच तो कळप दिसला. भरतीबरोबर आत येणाऱ्या मासळीच्या मागे लागलेला. सुरुंगाच्या जागेपासून फार लांब नाही. मी लाल झेंडी वर धरली. सुर्वेंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. कळप खेळत, वळसे घेत आत सरकला, खाडीच्या वळणापलीकडे गेला. ऊन उतरायला लागलं. मी पुन्हा पुन्हा पाण्यावरून नजर फिरवली आणि हिरवी झेंडी दाखवली.

देवरावांनी हात उंच केला. "पाह्यलं?"

"पाह्यलं," मीही त्यांच्याच बोलीत ओरडले.

सुरुंग उडाला. पाण्याचा पांढरा डोंगर उठला आणि खाली बसला. सगळेच्या सगळे उडाले होते, एकही फुसका गेला नव्हता. देवराव तिथंच खाली बसले आणि कपाळाला हात लावून बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. कारण कोणी सांगितलं नाही, पण कुजबुज सगळीकडे होती: दोघंही एकाच जिल्ह्याचे, आतून मिळालेले, कोणाकडून तरी पैसे खाल्लेले. मी वरपर्यंत तक्रार केली. चौकशी करू, असं उत्तर आलं आणि तेवढ्यावर ते थांबलं. देवराव पेटी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभे होते. मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"तुमच्यामुळं काहून? सुर्वे खोटं बोलला म्हणून गेलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "संभाळून राहा बाई. थो दुसरा मानूस आनन आता. थ्याच्यावर ध्यान ठेवा."

ते काम संपल्यावर मी यवतमाळला आले. एकदा मुद्दाम वाट काढून त्यांच्या गावी गेले. गावात उतरून घर विचारलं तर पानठेल्यावरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, "थो दारू चोरताना सापडला व्हता समुद्रावर, थोच ना?" त्यांना म्हणायचं होतं सुरुंगाची दारू. देवरावांनी खरं कारण सांगितलं होतं, पण डॉल्फिन जाईपर्यंत बार रोखला, यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्या मुलीची सोयरीक त्या बोलण्यापायी मोडता मोडता राहिली होती. मी तिथंच उभं राहून सगळी हकिकत सांगितली. लोकांनी ऐकून घेतली. मग एकानं विचारलं, "तुमी देवरावच्या कोण?" आणि बाकीचे मिशीतल्या मिशीत हसले.

संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन देवरावांना सांगितलं, तेव्हा ते तूर वाळवत होते, हात थांबला नाही. "राहू द्या. त्यायनं कोठी पाह्यलं? म्या तरी मानलं असतं काय?"

ते गेल्या हिवाळ्यात गेले. कापूस वेचणीच्या दिवसांत, शेतातच, छातीत कळ येऊन. मला कळलं तेव्हा तेरवी झाली होती. मी गेले. ओट्यावर शेजारच्या बाया बसल्या होत्या. मी आत जाताना त्यांचं बोलणं थांबलं. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. देवरावांच्या पत्नी, शांताकाकू, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले. बराच वेळ त्या माझा चेहरा न्याहाळत होत्या.

"एक इचारू का बाई?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "थ्यायले खरंच कायले काढलं व्हतं?"

मी सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं. "असं नाई. सकायपासून सांगा. तुमाले कोणी तालुक्याले धाडलं? फोन कोनाचा आलता? थे कोठी जाऊन बसले? लहानं पिलू व्हतं का नोतं?" मी एकेक सांगत गेले. त्या ऐकताना ओठ हलवत होत्या, जणू मनातल्या मनात कशाशी तरी ताडून पाहत होत्या. अंबाडीच्या कण्यांचं सांगितलं तेव्हा त्यांचे ओठ हलायचे थांबले.

"भाजीचं थ्यायनं सांगतलं व्हतं मले," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, असं कोनी इचारते काय फोनवर."

डोक्यावरचा पदर सारखा करून त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि ओट्यावरच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"अवो, बाईसाठी चहा मांडा. आमच्या घरची हाय थे."